पुंजा घोडा, सोमी हंडा

सोमवार, ७ जानेवारी २००२

आधी चूक दुरुस्त करते. मागच्या सोमवारी, ३१ डिसेंबरला, मी या वहीत लिहिलं की पणजोबांच्या यादीत सत्तावन्न नावं आहेत. सत्तावन्न नाहीत, अठ्ठावन्न आहेत. त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानाचा खालचा कोपरा आत दुमडलेला होता आणि इतक्या वर्षांत चिकटून बसला होता. आज किटलीची वाफ देऊन तो सोडवला. आत मोडीत एक नाव निघालं, “नवसी पुंजा, वय दोन”. खाली बारीक अक्षरात, “निघालो तेव्हा धुगधुगी होती.” म्हणजे मुलगी बरी होण्याच्या वाटेवर असणार.

पण सत्तावन्न हा आकडा मी काकांना सांगून बसले होते. त्यांनी तो निमंत्रणपत्रिकेत घातला आणि आठशे पत्रिका छापूनही आल्या. “सत्तावन्न आदिवासी बांधवांना मृत्यूच्या दाढेतून परत आणणारे.” मी काकांना घाबरत घाबरत सांगितलं, तर ते म्हणाले, “एक जास्त वाचला म्हणून कोणी तक्रार करणार आहे का?”

तक्रार कोणी करणार नाही. पण आकडा चुकीचा आहे, त्याचं काय?

पणजोबा, डॉ. त्र्यंबक चांदवडकर, इंग्रजांच्या फौजेत डॉक्टर होते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ते पेठकडच्या बोरपाड्यावर जाऊन राहिले आणि तिथल्या कोकणा आदिवासींवर उपचार केले. ही यादी त्या वेळची. १७ फेब्रुवारीला इथे नाशिकला आमच्या घराजवळच्या चौकाला त्यांचं नाव दिलं जाणार आहे. त्या दिवशी स्मरणिका निघेल. मी छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवते आणि घरात मोडी वाचता येणारी आता मी एकटीच, त्यामुळे स्मरणिका माझ्या गळ्यात पडली. काकाही लहानपणी मोडी शिकले होते, पण आता अक्षरं लागत नाहीत म्हणतात.

बुधवार, ९ जानेवारी

चरित्राचा पहिला खर्डा काकांना दाखवला. जन्म १८८४. पुण्याला वैद्यकीचं शिक्षण. फौजेत सब-असिस्टंट सर्जन. एडन, मग बसरा. बसऱ्याहून तापानं पोखरून परत आले आणि देवळालीच्या लष्करी इस्पितळात कामाला लागले. १९१९ मध्ये नोकरी संपली. १९४१ मध्ये गेले.

काकांनी तांबड्या पेनानं “सब-असिस्टंट सर्जन” खोडून “कॅप्टन” लिहिलं.

“काका, ते कॅप्टन नव्हते. हिंदी डॉक्टरांना तेव्हा सहसा तो हुद्दा देत नसत. त्यांच्या कागदावरही नाही.”

“फोटोत टोपी आहे ना?”

“टोपी सगळ्यांनाच होती.”

“सब पण आणि असिस्टंट पण! एका माणसाला किती खाली आणायचं, तृप्ती?”

शेवटी “लष्करी डॉक्टर” यावर मिटलं. मिटलं म्हणजे काका जेवायला उठले.

मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. पस्तिसाव्या वर्षी नोकरी संपली आणि त्यानंतर या माणसानं डॉक्टरकी केलीच नाही. बावीस वर्षं कोणाची नाडीसुद्धा पाहिली नाही. घरच्या मुलांना शिकवत बसले. आमच्याकडे मुलांनी चौथीपर्यंत घरीच शिकायचं ही पद्धत त्यांनीच घातली. त्यांनी आजोबांना शिकवलं, आजोबांनी काकांना आणि मला. डॉक्टरकी का सोडली असं विचारलं की काका म्हणतात, “वैराग्य.” वैराग्य आल्यानंतर त्यांना चार मुलं झाली, हे मी बोलले नाही.

गुरुवार, १७ जानेवारी

यादीचं पान जुळवलं. प्रत्येक नावापुढे वय आणि एखादी वस्तू लिहिली आहे. घोडा. हंडा. पावरी. पाभर. मी विचारलं, हे काय असेल?

“ओळखखूण,” काका लगेच म्हणाले. “फौजेत रंगरूट तपासताना अंगावरची खूण लिहून घेतात. सवय ती, सुटते का? या लोकांत गोंदतात ना, तेच.”

“दोन महिन्यांच्या मुलापुढे ‘पाळणा’ लिहिलंय. तान्ह्या मुलाला पाळणा गोंदवतील?”

“तू छाप.”

तसं छापते आहे. रकान्याचं नाव “ओळखखूण”. नवसी पुंजापुढे मात्र काहीच नाही, तिथे रेघ टाकली.

पण आज एक आनंदाची गोष्टही झाली. पान जुळवताना मी नावं पुटपुटत होते आणि पुढचं नाव वाचण्याआधीच तोंडात येत होतं. हा तर आमचा कित्ता! मोडी शिकताना आजोबा रोज सकाळी पाटीवर हेच गिरवायला लावायचे. पुंजा घोडा, सोमी हंडा, जान्या पावरी, धवळू पाभर. मला वाटायचं, अक्षरं बसावीत म्हणून जुळवलेले निरर्थक शब्द आहेत. आजोबांनाही तसंच वाटत असणार. त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून घोटून घेतलं, त्यांनी आमच्याकडून. एक शब्द चुकला तर पहिल्यापासून. मी पाचव्या वर्षी रडत रडत सगळा कित्ता पाठ केला आहे.

बरे केलेल्या रोग्यांची नावं मुलांना पाठ करायला लावणं, हे जरा आत्मस्तुतीचंच नाही का? हे फक्त इथेच लिहिते.

रविवार, २० जानेवारी

काकांचा गुडघा दुखतो, म्हणून मी एकटीच बोरपाड्याला जाऊन आले. काम असं की यादीतल्या लोकांचे वंशज शोधायचे आणि १७ तारखेला सत्काराला यायचं आमंत्रण द्यायचं. गाडी पाठवू, शाल-श्रीफळ देऊ. नमुन्याच्या काही शाली काकांनी बरोबर दिल्या होत्या.

जीप कारभारी नावाच्या दिंडोरीकडच्या माणसाची. पेठ रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, “ताई, शाली किती काढल्या म्हनायच्या एकूण?”

“अठ्ठावन्न.”

“आन त्या पाड्यावर घरं किती हायेत, म्हाईत हाय का?”

“नाही.”

“अकरा. तीबी आता रिकामी. समदी द्राक्षाच्या कामाला आमच्याकडं.”

हे मला कोणी आधी का सांगत नाही?

पाड्यावर खरंच म्हाताऱ्या माणसांशिवाय कोणी नव्हतं. यादव नावाचा एक तरुण शिक्षक भेटला. त्याची आजी, नवसाबाई, अंगणात सुपात नागली पाखडत होती. मी काकांनी पढवलेलं छोटं भाषण केलं आणि यादी वाचायला घेतली. पुंजा, सोमी, जान्या, धवळू. आजीचं सूप थांबलं.

“ही नावं तुला कोनी सांगितली?”

“डॉक्टरसाहेबांच्या वहीत आहेत, आजी. साथीत त्यांनी यांना बरं केलं.”

“बरं?” आजी माझ्याकडे पाहतच राहिली. मग यादवला म्हणाली, “ऐकलं का रं? बरं केलं म्हनं.” आणि मला म्हणाली, “अगं बाय, ही समदी मेलेली.”

मला वाटलं, तिला आता मेलेली असं म्हणायचंय. मी म्हटलं, हो, आता ऐंशी वर्षांनी कोण असणार?

“आता नाय. तवाच. त्या साथीतच.”

मग यादवनं मला पाड्यामागे नेलं. तिथे सादड्याच्या झाडांखाली दगडांच्या रांगा आहेत. काहींवर स्वार, चंद्र, सूर्य कोरलेले. पण एक मोठी रांग नुसत्या ओबडधोबड दगडांची. त्यांच्यावर काहीच नाही.

यादव म्हणाला, “आमच्यात माणूस गेलं की त्याचा चिरा बसवतात. हाच दगड. घोडा बाळगणाऱ्याला घोडा कोरायचा, पावरी वाजवणाऱ्याला पावरी, पेरणी करणाऱ्याला पाभर, बाईला हंडा, तान्ह्याला पाळणा. नाव घ्यायचं आणि चिरा बसवायचा. त्या सालात मोजून सहा माणसं उरली, त्यात चार पोरं. कोण गेलं, कोणाला काय कोरायचं, सांगायला कोणी राहिलं नाही. म्हणून हे दगड तसेच.”

नवसाबाई काठी टेकत मागून आली होती. “चिरा नाय बसला त्यो मानूस बाहेरच उभा ऱ्हातो. आमची अंबूबाई सांगायची. तिनंच मला वाढवली. साहेब म्हनं घरोघर जाऊन लिहून घेत व्हता, कोनाला काय कोरायचं. म्हनला, मी कागद धाडतो.” मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. “त्यो ह्यो का?”

मला कागद पुढे करायचं सुचलं नाही. माझ्या कागदावर वर ठळक अक्षरात “जीवदान लाभलेल्या रुग्णांची यादी” असं होतं. मी तो घडी करून पिशवीत टाकला आणि काकांना विचारून कळवते असं म्हणाले. काकांना विचारून!

शाली जीपमध्येच राहिल्या.

सोमवार, २१ जानेवारी

पणजोबांची वही पुन्हा वाचली. सगळं तिथे लिहिलेलंच होतं. “औषध संपून आठ दिवस झाले. येथे माझे काम आता लिहिण्याचे.” हा मला विनय वाटला होता! “रजा चार दिवसांची, आज एकोणीस झाले. देवळालीहून शिपाई हुकूम घेऊन आला. निघणे भाग. यादी पोचती करणे.” म्हणजे नोकरी संपली ती अशी. आणि बरा झाला असं एकाही नावापुढे लिहिलेलं नाही. ते आम्ही घरच्यांनीच ठरवलं.

मला स्वतःचा राग येतो, पण पणजोबांचा जास्त येतो. नाशिकहून बोरपाडा साठ किलोमीटर. पुढे बावीस वर्षं हा माणूस घरात बसून होता. एक कागद पाठवायला काय हरकत होती? विसरले म्हणावं तर रोज सकाळी मुलांकडून तीच नावं लिहून घेत होते. आळस म्हणावं तर एक शब्द चुकला की पहिल्यापासून. मला हा माणूस कळत नाही. आणि चरित्र मीच लिहायचंय.

गुरुवार, २४ जानेवारी

तीन दिवस धीर गोळा करून काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, पटलं.

“म्हणजे अठ्ठावन्न माणसं मेली, असं छापू?”

“जे झालं ते छापू. औषध नव्हतं तरी ते तिथून हलले नाहीत. नोकरी घालवली. नावं लिहून घेतली.”

“हे डॉक्टरचं चरित्र आहे की स्मशानातलं रजिस्टर? आणि नोकरीवरून काढलं, हेही छापू? लोक आठशे पत्रिका वाचून बसलेत.”

“निदान यादी तरी पाड्यावर देऊन येऊ.”

“यादी दिली की ती माणसं सतरा तारखेला शाल घ्यायला येतील का?”

“नाही येणार.”

“मग?”

मग काय, हे त्यांना कळत नाही असं नाही. आईबाबांच्या मागे मला त्यांनीच वाढवलं. मी लहानपणी खोटं बोलले तर रात्रीचं जेवण मिळत नसे. त्याच माणसानं आज “मग?” असं विचारलं.

मी म्हटलं, ते पान मी जुळवणार नाही. त्यावर त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याकडून फ्लॉपी मागून घेतली. ती आता दुसऱ्या छापखान्यात गेली आहे.

शनिवार, २ फेब्रुवारी

पणजोबांची वही, स्टेथोस्कोप आणि टोपी, सगळं प्रदर्शनासाठी काचेच्या पेटीत गेलं. किल्ली काकांच्या जानव्याला. एवढी काळजी त्यांनी त्या वहीची आजवर कधी घेतली नव्हती. वीस वर्षं ती माळ्यावर होती.

दुपारी यादव छापखान्यात आला. आमच्या मालकांना वाटलं लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक. त्याला खुर्ची दिली, नमुने दाखवले. तो बिचारा दहा मिनिटं नमुने पाहत बसला.

मग मला म्हणाला, “ताई, आजी रोज विचारते. कागद कधी येणार?”

मी सगळं खरं सांगितलं. वही कुलपात आहे आणि काका देत नाहीत.

“अमावस्येला सगळी पाड्यावर येतात. त्या दिवशी द्राक्षाच्या बागांना खाडा असतो. पाथरवटाला बोलावलंय. एकेक नाव घेतलं की तो त्या दगडावर खूण करणार. नंतर होळीपर्यंत कोणी जमत नाही आणि आजीचं काही खरं नाही.” तो उठला. “नावं नसतील तर पाथरवटाला नको म्हणून सांगतो.”

मी म्हटलं, नको म्हणू नका. हे मी कशाच्या जोरावर बोलले, देव जाणे. तो दाराशी गेल्यावर मी विचारलं, आजीचं पूर्ण नाव काय? चरित्रात लागेल म्हणून. सवयीनं विचारलं.

“नवसाबाई पुंजा. बाप पुंजा देवळालीला साहेबांचाच शिपाई होता. त्यानंच साहेबांना पाड्यावर नेलं. तिथे पोचल्यावर पहिला तोच गेला.”

मी “बरं” म्हटलं आणि तो गेल्यावर दहा मिनिटांनी उठून पाणी प्यायले.

नवसी पुंजा, वय दोन.

रविवार, १० फेब्रुवारी

आज दुपारी जेवणघरातल्या टेबलावर बसून कित्ता लिहून काढला. वही कुलपात असली तरी कित्ता कुलपात नाही, हे मला आठ दिवस सुचलं नव्हतं. इतकं घोटून शिकवलेल्या मुलीला हे सुचायला आठ दिवस लागतात.

मोडीत नाही, बाळबोधीत लिहिला, म्हणजे यादवला वाचता येईल. हात आपोआप चालत होता. चाळीसपर्यंत आले आणि अडले. “चिमा हंडा” नंतर काय? पहिल्यापासून म्हणून पाहिलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा म्हणताना जरा मोठ्यानं म्हटलं असणार, कारण सुलाकाकू भांडी ठेवून दारात येऊन उभी राहिली. काका समोर वर्तमानपत्र वाचत होते. मी चौथ्यांदा “चिमा हंडा” म्हणून थांबले.

“रुपजी, पावरी,” काका वर्तमानपत्राआडून म्हणाले. “पुढे लक्षा, घोडा.”

मी लिहिलं. लक्षा घोडा, सखी हंडा, पुढचं सगळं आलं. काकांनी पान उलटलं.

“अक्षरं लागत नाहीत म्हणता ना तुम्ही?” काकू म्हणाली.

“मी काही बोललेलो नाही,” काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “तिकडे जायचं असेल तर सतराला मंचावर बसायचं नाही. आणि ती माणसं आली नाहीत तर त्या शाली कोणाला घालू, तेही तूच सांगायचं.”

ते उठून गॅलरीत गेले. पेटीची किल्ली त्यांनी दिलेली नाही आणि मी मागितलेली नाही. पण गेले दहा दिवस ते मला “मग मुक्कामही तिकडेच कर” असं सुनावत होते, ते आज म्हणाले नाहीत. याचा अर्थ लावायचा नाही असं मी ठरवलंय. काकू मात्र मागे येऊन हळूच म्हणाली, “मंगळवारी डबा किती जणांचा करू?”

कागद दोनदा मोजला. सत्तावन्न. नवसी कित्त्यात नाहीच. फक्त वहीच्या त्या दुमडलेल्या कोपऱ्यात आहे. पणजोबांनी मुलांना बाकी सगळी नावं दिली आणि तेवढं एक का दिलं नाही, कळत नाही. बहुधा पाटीवर जागा पुरत नसेल.

ते काही असो, तिचं नाव चिऱ्यांसाठी वाचायचं नाही. ती नागली पाखडत बसली आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला ती ओळ मात्र वेगळी वाचून दाखवायची, “निघालो तेव्हा धुगधुगी होती.” साहेबांनी धाडलेला कागद आहे, तिला तिच्या वाटणीचं मिळायला हवं. उशीर का झाला असं तिनं विचारलं तर काय सांगायचं, ते गाडीत ठरवेन.

तेव्हा ७ जानेवारीची दुरुस्ती मी रद्द करते. ३१ डिसेंबरला लिहिलेला आकडा बरोबर होता. गेलेले सत्तावन्न.

सीबीएस स्टँडवरून सकाळी साडेसहाची पेठ गाडी. मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२, अमावस्या.